पांढरा तांदूळ : एका रोगाचा व एका शोधाचा इतिहास

अमुक खावें, अमुक वर्ज्य करावें, ह्याविषयींचा उपदेश आजकाल इतका विपुल झाला आहे कीं, ऐकणाऱ्या गृहस्थाचा गोंधळ उडावा. काल जें तूप अपायकारक म्हणून ताटांतून काढलें, तेंच आज औषध म्हणून परत येतें. आणि आज ज्या धान्याचा डांगोरा पिटला जातो, त्याला उद्यां कोणी विचारीलच असा भरंवसा नाहीं. ह्या गलबल्यांत इतिहासाच्या अभ्यासकास बोलण्याचा अधिकार कोणता, असें कोणी विचारल्यास त्याचें उत्तर एवढेंच कीं, आहारासंबंधीं एखादें सत्य मनुष्याच्या हातीं कसें आलें, तें कोणीं पाहिलें, कोणीं पाहूनही नाकारलें, आणि त्या नकाराची किंमत कोणास द्यावी लागली, ही हकीकत तो सांगूं शकतो. अशा हकीकतींत पांढऱ्या तांदुळाची हकीकत फार बोधप्रद आहे. ती आपल्या रोजच्या ताटाशीं निगडित आहे. आणि तिच्यांत जपानचें आरमार, जावा बेटांतील कोंबड्या, मलायांतील वेडे, वर्ध्याचे ग्रामसेवक व कोंकणांतील पेज पिणारा शेतकरी, ही सर्व मंडळी एकत्र येतात.

प्रथम दाण्याची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. साळीच्या दाण्यावरचें टरफल, म्हणजे तूस, काढल्यावर आंत जो दाणा राहतो तो शुभ्र नसतो. त्यावर तांबूस रंगाचा एक पातळ पापुद्रा असतो व एका टोकास बारीकसा अंकुर असतो. पिष्टाचा सांठा आंतल्या पांढऱ्या गरांत असतो. परंतु तेल, तंतु, क्षार व ज्यांना आज आपण ‘ब’ वर्गांतील जीवनसत्त्वें म्हणतों तीं, ह्या सर्वांचा मोठा भाग त्या पापुद्र्यांत व अंकुरांत असतो. उखळांत घालून मुसळानें कांडलें असतां तूस निघून जातें. पापुद्रा मात्र कांहीं निघतो व कांहीं दाण्यास चिकटून राहतो. हातसडीचा तांदूळ तो हाच. यंत्राची गोष्ट निराळी. यंत्रानें दाणा हवा तितका घासतां येतो, आणि घासतां घासतां त्याला मोत्याची झळाळी आणतां येते. खालीं पडलेला कोंडा गुरांपुढें जातो व गर माणसाच्या पानांत येतो. ह्या वांटणींत आपला वांटा सरस आहे, अशी माणसाची कित्येक पिढ्या समजूत होती.

ही समजूत केवळ मूर्खपणाची होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. पापुद्र्यांतील तेलामुळें असडी तांदूळ लवकर खंवट होतो व त्याला कीड लागते. पांढरा तांदूळ वर्षानुवर्षें टिकतो व समुद्रापार पाठवितां येतो. तो लवकर शिजतो, मऊ होतो, चावण्यास श्रम पडत नाहींत. शिवाय मुसळ ज्यांच्या हातांत होतें त्या बायकांना पहांटेपासून कांडीत बसावें लागे, हेंही विसरतां कामा नये. गिरणीनें त्यांचे कष्ट वांचविले. पण ह्या सोयींच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, आणि तीच आपल्या हकीकतीचें मूळ आहे. ज्याला दुसऱ्याकडून पुष्कळ वेळ कांडून घेणें परवडे, त्याच्याच घरीं भात शुभ्र असे. त्यामुळें शुभ्र भात हा वैभवाचा विशेष ठरला, आणि तांबूस भात दारिद्र्याची खूण.

ह्या शुभ्रतेच्या पाठोपाठ जो रोग आला त्याचें नांव बेरीबेरी. रोगी प्रथम थकतो. पायांना मुंग्या येतात, मग ते बधिर होतात, चालतांना पाऊल उचलत नाहीं. एका प्रकारांत स्नायू झिजून मनुष्य अंथरुणास खिळतो. दुसऱ्यांत अंगावर सूज चढते, छाती धडधडूं लागते, आणि हृदय थकून एकाएकीं मृत्यु येतो. बटाव्हिया येथें, म्हणजे आजच्या जाकार्ता शहरांत, राहणाऱ्या याकोब बोंटियस नांवाच्या डच वैद्यानें ह्या रोगाचें वर्णन लिहून ठेविलें आहे. तो १६३१ मध्यें वारला व त्याचा ग्रंथ १६४२ मध्यें प्रसिद्ध झाला. तेव्हां रोग जुनाच. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाफेवर चालणाऱ्या भाताच्या गिरण्या आशियाच्या बंदरांतून सुरू झाल्या आणि ह्या रोगाचें स्वरूप पालटलें. बराकी, तुरुंग, जहाजें, खाणी, वेड्यांचीं इस्पितळें, अशा ज्या ज्या ठिकाणीं पुष्कळ माणसें एकत्र राहून दुसऱ्यानें खरेदी केलेला तांदूळ खात, तेथें तेथें तो एखाद्या साथीसारखा पसरूं लागला.

जपानांत तो गिरण्यांच्याही आधींपासून ठाऊक होता. तेथें त्यास काक्के म्हणत. तोकुगावा राजवटींत एदो शहरांतील, म्हणजे आजच्या तोक्योंतील, सरदार व त्यांचे अनुचर सडलेला पांढरा भात खात. खेड्यांतील शेतकरी जव, राळ्यासारखीं भरड धान्यें व अर्धवट कांडलेला तांदूळ ह्यांवर गुजराण करी. गांवाकडचा मनुष्य एदोंत येऊन कांहीं महिने राहिला कीं त्याचे पाय जड होत, आणि गांवीं परतला कीं तो बरा होई. म्हणून लोकांनीं ह्या रोगास ‘एदोची व्याधि’ असेंच नांव दिलें होतें. चौदावा शोगुन इएमोचि हा १८६६ मध्यें ऐन विशींत वारला, तोही ह्याच रोगानें, असें मानतात. गरिबाचें दार टाळून श्रीमंताच्या घरीं मुक्काम करणारा हा रोग पाहून कोणास तरी ताटाकडे नीट पाहण्याची बुद्धि व्हावयास हवी होती. ती होण्यास आणखी जवळजवळ वीस वर्षें लागलीं.

ती बुद्धि ज्याला झाली तो आरमारांतील वैद्य ताकाकी कानेहिरो. १८७५ ते १८८० पर्यंत तो लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत शिकला होता. इंग्रज खलाशांत हा रोग त्याला आढळला नव्हता. इकडे जपानी आरमारांत त्यानें कहर मांडला होता. १८८२ च्या अखेरीस ‘र्यूजो’ नांवाचें शिक्षणाचें जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका व हवाई ह्या मार्गानें फेरीस निघालें. त्यावर ३७६ माणसें होतीं. पैकीं १६९ जणांना काक्के झाला आणि २५ जण मरण पावले. ताकाकीनें ह्या आंकड्यांचा आधार घेऊन सरकारकडे आग्रह धरला आणि १८८४ मध्यें ‘त्सुकुबा’ नांवाचें दुसरें जहाज त्याच मार्गानें पाठविण्यास लावलें. फरक एकच : ह्या जहाजावर भात कमी करून मांस, पाव, दूध व भाजीपाला वाढविला होता. जहाज परत आलें तेव्हां एकही माणूस ह्या रोगानें मेला नव्हता. आजारी पडलेले पंधराच्या आसपास होते, आणि त्यांतील बहुतेकांनीं नवें अन्न नीट खाल्लेंच नव्हतें. खलाशांना पाव व मांस रुचेना, म्हणून १८८५ पासून भातांत जव मिसळण्याची युक्ति काढण्यांत आली. आणि थोड्याच काळांत हा रोग आरमारांतून जवळजवळ नाहींसा झाला.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ताकाकीचा उपाय बरोबर होता, पण त्याची उपपत्ति चुकीची होती. अन्नांत मांसवर्धक द्रव्यें कमी पडल्यामुळें हा रोग होतो, असें त्याचें मत होतें. जपानी लष्कराच्या वैद्यकखात्यांतील विद्वानांचें शिक्षण जर्मन परंपरेंतलें. सूक्ष्म जंतूंमुळें रोग होतात हें पाश्चर व कॉख ह्यांनीं नुकतेंच सिद्ध केलें होतें, आणि त्या नव्या ज्ञानाची झिंग सर्वत्र चढलेली होती. ताकाकीच्या उपपत्तींतील उणीव ह्या मंडळींनीं बरोबर हेरली, आणि उणिवेबरोबर त्याचा उपायही टाकून दिला. अशा विद्वानांत मोरी रिंतारो हेही होते, जे मोरी ओगाई ह्या नांवानें जपानी साहित्यांत अजरामर झाले आहेत. सैनिकास पोटभर पांढरा भात मिळणें हा त्याचा मान आहे, जव हें कैद्यांचें व दरिद्र्यांचें अन्न आहे, ही भावनाही पाठीशीं होतीच. १९०४-०५ च्या रशियाशीं झालेल्या युद्धांत लष्करांतील सुमारें अडीच लक्ष सैनिकांना काक्के झाला व सुमारें २७,००० सैनिक त्यानें मेले. आरमारांत त्याच युद्धांत हा रोग नांवापुरताच उरला होता. एकच राष्ट्र, एकच शत्रु, एकच काळ. एका दलाच्या भातांत जव मिसळलेला होता व दुसऱ्याच्या नव्हता. अखेर युद्ध चालूं असतांच, १९०५ मध्यें, लष्करानेंही जव मिसळलेला भात स्वीकारला. त्याच वर्षीं ताकाकीस सरदारकी मिळाली आणि लोक त्याला कौतुकानें ‘जवाचा सरदार’ म्हणूं लागले.

खरें कारण शोधण्याचें श्रेय मात्र दुसऱ्या बेटाकडे जातें. सुमात्रांतील आचे प्रांतांत १८७३ पासून चाललेल्या लढाईंत डच सैन्याला बेरीबेरीनें जर्जर केलें, म्हणून १८८६ मध्यें हॉलंडच्या सरकारनें एक वैद्यकमंडळ जावांत पाठविलें. त्यांतील वडील मंडळी परत गेली, आणि क्रिस्तियान आइकमान हा तरुण वैद्य बटाव्हिया येथील लष्करी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत काम पुढें चालवीत राहिला. बर्लिनला कॉखच्या हाताखालीं त्यानें जंतुशास्त्र शिकलें होतें, आणि शोधीतही तो जंतूच होता. १८८९ मध्यें प्रयोगशाळेच्या आवारांतील कोंबड्यांचे पाय लुळे पडूं लागले; लक्षणें थेट बेरीबेरीचीं. ज्यांना जंतु टोंचले त्या कोंबड्या लुळ्या पडत, आणि ज्यांना टोंचले नाहींत त्याही पडत. मग एकाएकीं सर्व कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी करतां असें निघालें कीं, कोंबड्यांच्या राखणदारानें काटकसर म्हणून कांहीं महिने त्यांना रुग्णालयाच्या मुदपाकखान्यांतला उरलेला पांढरा भात घातला होता. पुढें तेथें नवा आचारी आला, आणि लष्करी भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यावयाचा नाहीं असें त्यानें ठरविलें. कोंबड्यांना पुन्हा साधा असडी तांदूळ मिळूं लागला आणि त्या हिंडूंफिरूं लागल्या. त्या आचाऱ्याची कायद्यावरची निष्ठा मनुष्यजातीच्या अशी उपयोगीं पडली.

कोंबड्यांवरून माणसांविषयीं अनुमान काढणें धाडसाचें होतें. म्हणून आइकमानच्या विनंतीवरून आडोल्फ व्होर्डरमन ह्या वैद्यकीय अधिकाऱ्यानें १८९५ ते १८९७ ह्या काळांत जावांतील तुरुंगांची पाहणी केली. तुरुंग १०१, आणि कैदी पावणेतीन लाखांहून अधिक. ज्या ३७ तुरुंगांत असडी तांदूळ दिला जाई त्यांपैकीं एकांत बेरीबेरी आढळला. ज्या ५१ तुरुंगांत पांढरा तांदूळ दिला जाई त्यांपैकीं ३६ तुरुंगांत. कैद्यांच्या हिशेबानें पाहतां पहिल्या वर्गांत दहा हजारांत एक रोगी, आणि दुसऱ्या वर्गांत एकोणचाळिसांत एक. इमारत जुनी कीं नवी, हवा खेळती कीं कोंडलेली, गर्दी कमी कीं अधिक, ह्यांचाही मेळ घालून पाहिला. कशाचाच संबंध जुळला नाहीं. आहारशास्त्राच्या इतिहासांत इतका स्वच्छ पुरावा क्वचितच सांपडतो.

तरीही आइकमानला त्याचा अर्थ पुरता लागला नाहीं. पांढऱ्या गरांत कांहीं विष असावें व कोंड्यांत त्याचा उतारा असावा, अशी त्याची कल्पना. रोग म्हणजे बाहेरून कांहीं तरी आंत शिरणें, ह्या विचाराची पकड इतकी घट्ट होती. अन्नांत नसलेल्या वस्तूमुळेंही मनुष्य आजारी पडूं शकतो, हें त्याच्या जागीं आलेल्या हेरिट ग्राइन्स ह्यानें १९०१ मध्यें प्रथम स्पष्टपणें मांडलें. त्याच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि ती आपल्या स्वयंपाकघराला जवळची आहे : पांढरा तांदूळ खाऊन लुळ्या पडणाऱ्या कोंबड्या मूग दिले असतां बऱ्या होत. भाताबरोबर मुगाचें वरण, किंवा तांदूळ व मूग एकत्र शिजवून केलेली खिचडी, ह्यांत आपल्या पूर्वजांनीं नकळत जें साधलें होतें त्यास ह्या प्रयोगानें पुरावा दिला.

इकडे मलायांत आणखी एक कोडें लोकांस पडलें होतें. कथलाच्या खाणींत काम करणारे चिनी मजूर बेरीबेरीनें पटापट मरत, आणि शेजारीं राहणारे तामिळ मजूर मात्र त्यांतून सुटत. दोघांचेंही मुख्य अन्न भातच. पण चिनी मजूर सयामचा सडलेला पांढरा तांदूळ खात, तर तामिळ मजूर आपल्या देशच्या पद्धतीचा उकडा तांदूळ खात. १९०५ च्या अखेरीस क्वालालंपूर येथील वेड्यांच्या इस्पितळांत विल्यम फ्लेचर ह्या वैद्यानें रोग्यांचे दोन गट केले. सुमारें १२० जणांस पांढरा तांदूळ व तितक्याच दुसऱ्यांस उकडा. वर्षभरांत पहिल्या गटांतील तिसांहून अधिक जणांना बेरीबेरी झाला आणि १८ दगावले. दुसऱ्या गटांत, येतांनाच रोग घेऊन आलेले दोघे सोडल्यास, कोणासही तो झाला नाहीं व मृत्यु तर एकही नाहीं. ज्यांना स्वतःचें बरेंवाईट सांगतां येत नव्हतें अशा दीनांवर हा प्रयोग झाला, हें आज वाचतांना मन अस्वस्थ होतें. त्या अठरा जणांचें ऋण प्रत्येक भात खाणाऱ्यावर आहे.

उकड्या तांदुळांत विशेष काय घडतें? साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग ती कांडतात किंवा गिरणींत घालतात. भिजतांना व वाफवतांना पापुद्र्यांतील जीवनसत्त्व पाण्याबरोबर आंतल्या गरांत मुरतें, आणि मग वरचा कोंडा काढून टाकला तरी तें बरेंचसें दाण्यांत राहतें. जाड दिसणारा, किंचित् वास असलेला हा तांदूळ कोंकणांत व गोमंतकांत कष्टकऱ्यांचें अन्न. त्याची पेज, जोडीला लोणच्याची फोड किंवा सुकी मासळी, एवढ्यावर शेतकरी चिखलणीस उभा राहतो. पंक्तीला मात्र सुरय तांदूळच हवा, आणि पाहुण्यास उकडा भात वाढणें म्हणजे यजमानास संकोच. एदोंत जें मानाचें होतें तेंच आपल्याकडेही मानाचें ठरलें होतें.

पुढची कथा रसायनशास्त्राची आहे. १९१२ मध्यें कासिमिर फंक ह्यानें ह्या अज्ञात द्रव्यास ‘व्हिटॅमिन’ हें नांव सुचविलें. त्यासाठीं मराठींत जीवनसत्त्व हा सुंदर शब्द रूढ झाला. १९२६ मध्यें यान्सेन व डोनाथ ह्या दोघांनीं जावांतच कोंड्यापासून त्याचे शुद्ध स्फटिक काढले. १९२९ मध्यें आइकमानला हॉपकिन्सबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. द्रव्याची रचना उलगडून तें प्रयोगशाळेंत तयार करण्याचें काम रॉबर्ट विल्यम्स ह्या अमेरिकनानें १९३६ मध्यें तडीस नेलें. हा मिशनऱ्याचा मुलगा, जन्म आपल्या नेल्लोरचा. मनिला येथें नोकरीस असतांना, १९१० च्या सुमारास, कोंड्याच्या अर्कानें मरणोन्मुख तान्हीं मुलें कांहीं तासांत हंसूंखेळूं लागतात हें त्यानें पाहिलें, आणि पंचवीस वर्षें त्याच एका द्रव्याचा पाठपुरावा केला.

भारतांत ह्या विषयाचा पाया कुन्नूर येथें रॉबर्ट मॅक्कॅरिसन ह्यांनीं घातला. निरनिराळ्या प्रांतांच्या आहारावर उंदीर वाढवून त्यांनीं तुलना केली. शीखांच्या गव्हाच्या पोळ्या, दूध, डाळी व भाज्या ह्यांवर वाढलेले उंदीर सर्वांत सशक्त निघाले. मद्रासकडील सडलेल्या तांदुळाच्या निकस आहारावर वाढलेले सर्वांत दुबळे. मराठ्यांचा आहार ह्या दोहोंच्या मध्यें. त्यांच्यामागून १९३५ मध्यें आलेले आयक्रॉइड व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखविलें कीं, आंध्रच्या किनाऱ्यावरील ज्या जिल्ह्यांत गिरणीचा कच्चा तांदूळ खात तेथें बेरीबेरी होता, आणि दक्षिणेस उकडा तांदूळ खाणाऱ्या तामिळ मुलखांत तो जवळजवळ नव्हता. ती प्रयोगशाळा १९५८ मध्यें हैदराबादेस गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

शास्त्रज्ञांचें हें ज्ञान लोकांपर्यंत नेण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्राच्या भूमींत झाला. १९३४ च्या डिसेंबरांत वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. गांधीजींचें मार्गदर्शन, कुमारप्पांचें चिटणीसपद, आणि आरंभींच्या कार्यक्रमांतच हातसडीचा तांदूळ. ह्या चळवळीचा हेतु दुहेरी होता : खाणाऱ्यास सत्त्व मिळावें व कांडणाऱ्यास मजुरी मिळावी. पुढें १९५८ मध्यें गिरण्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदाही झाला. तरी उखळें माजघरांतून गेलीं तीं गेलींच. पोषणाचें शास्त्र पटलेले गृहस्थही घरीं पांढराच भात मागत. आणि दिवसभर राबणाऱ्या बाईस मुसळ पुन्हा हातीं घे असें सांगणें न्यायाचेंही नव्हतें. आचारांत बदल घडवावयाचा तर तो कोणाच्या तरी पाठीवर ओझें टाकून घडत नाहीं, हा ह्या प्रयत्नाचा धडा आहे.

मग बेरीबेरी आतां इतिहासजमा झाला काय? तसें म्हणतां येत नाहीं. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत काश्मीर खोऱ्यांतील वैद्यांनीं कांहीं तान्हीं मुलें अत्यवस्थ स्थितींत पाहिलीं. श्वास लागलेला, हृदय थकलेलें, रक्तांत आम्लता वाढलेली. थायमिन, म्हणजे तेंच कोंड्यांतील ‘ब-१’ जीवनसत्त्व, देतांच तीं कांहीं तासांत सांवरत. त्यांच्या माता सडलेला, पुनःपुन्हा धुतलेला भात खात. सोडा घातलेला खारा चहा घेत. आणि बाळंतपणाचें पथ्य म्हणून भाज्या व इतर पुष्कळ पदार्थ वर्ज्य करीत. आईच्या दुधांत सत्त्व नाहीं, म्हणून मुलाच्या अंगांत नाहीं. ज्या घरांत बाळंतीण आहे तेथें पथ्याची यादी करतांना काय सोडावें ह्याहून काय खाऊं घालावें ह्याचा विचार आधीं झाला पाहिजे, हें ह्या उदाहरणावरून प्रत्येक वडीलधाऱ्या बाईनें ध्यानांत घ्यावें.

आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गांत बेरीबेरी सहसा दिसत नाहीं, कारण भाताबरोबर वरण, पोळी, उसळ, शेंगदाण्याचें कूट, असें कांहीं ना कांहीं पोटांत जातें. आपल्यापुढील संकट निराळें आहे. बैठा उद्योग, भरपूर पांढरा भात, मैदा व साखर ह्यांच्या संगतीनें मधुमेह व स्थूलता घरोघर आलीं आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या सतरा मार्गदर्शक सूत्रांच्या पुस्तकांत, दिवसाच्या एकंदर उष्मांकांपैकीं तृणधान्यांचा वांटा शेंकडा ४५ च्या वर जाऊं नये, असें सांगितलें आहे. आपल्या पुष्कळ ताटांत तो ह्याहून बराच अधिक असतो. म्हणजे एके काळीं तांदुळाच्या दाण्यावरून जें काढून टाकलें, तेंच आज आपण संबंध ताटावरून काढून टाकीत आहों : तंतु, डाळी, भाज्या, सालासकट खाण्याच्या वस्तू.

ह्या इतिहासावरून घरांत आचरतां येण्यासारख्या कांहीं गोष्टी निघतात, त्या सांगतों. पांढरा भात एकदम बंद करण्याचा हट्ट धरूं नये. आठवड्यांतून कांहीं दिवस हातसडीचा किंवा उकडा तांदूळ घ्यावा. गिरणींतूनही कमी घासलेला तांदूळ मिळतो. तो थोडा थोडा आणावा, म्हणजे खंवट होत नाहीं, आणि कोणास मुसळ धरावें लागत नाहीं. तांदूळ एकदोन पाण्यांत अलगद धुवावे. धुवण अगदीं स्वच्छ येईपर्यंत चोळीत बसूं नये, कारण त्या धुवणांतच सत्त्व जातें. भात बेताच्या पाण्यांत शिजवावा, आणि पेज काढलीच तर ती ओतून न देतां प्यावी किंवा आमटींत घालावी. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालणें अगदीं टाकावें, सोड्यानें ‘ब-१’ नष्ट होतें. त्यापेक्षां डाळ आधीं भिजत घालावी. भाताच्या मानानें वरण व उसळ वाढवावी, आणि अख्ख्या मुगाला पंक्तींत मान द्यावा. ज्वारी, बाजरी, नाचणी ह्यांना आलटून पालटून स्थान द्यावें. आणि तांबडा भात म्हणून दुप्पट वाढून घेऊं नये. कोंडा असला तरी तो भातच आहे, आणि मधुमेही मनुष्यानें प्रमाण संभाळलेंच पाहिजे.

आतां आरंभींच्या गोंधळाकडे वळूं. उद्यां कोणी नवें अन्न स्तुत्य म्हणून किंवा जुनें अन्न निंद्य म्हणून पुढें मांडील, तेव्हां सामान्य वाचकानें काय करावें? ताकाकीनें व व्होर्डरमननें जे प्रश्न विचारले तेच विचारावे. तें अन्न किती माणसांनीं खाल्लें, किती दिवस खाल्लें, न खाणाऱ्यांशीं त्यांची तुलना झाली काय, आणि बाकी सर्व परिस्थिति सारखी होती काय? सांगणाऱ्याची पदवी व उपपत्तीची ऐट ह्यांना त्यानंतरची जागा. जपानी लष्करांतील पंडित कांहीं अडाणी नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर आरमाराचें उदाहरण वीस वर्षें होतें. त्यांनीं ताटापेक्षां पुस्तकाकडे अधिक पाहिलें, आणि सत्तावीस हजार घरांत त्याचें दुःख पोंचलें. आपल्या घरांतील ताट मात्र आपल्यासमोर रोज दोन वेळां येतें. त्याच्याकडे नीट पाहण्यास कोणत्याही पदवीची गरज नाहीं.